सामाईक प्रिंटरचा पत्ता : कार्यालयीन छपाईची सुलभ व्यवस्था

पेडणे तालुक्यातील तांबोसे, मोपा आणि उगवे या तीन गावांचा कारभार एकाच ग्रामपंचायतीमार्फत चालतो. मोपाच्या सड्यावर उभारण्यात आलेल्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. या विमानतळासाठी मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल आदी गावांतील जमीन संपादण्यात आली. अशा प्रसंगी नमुना १ व १४ चा उतारा, रहिवासी दाखला किंवा घरपट्टीची पावती या कागदांचे मोल काय असते, हे ग्रामस्थांस सांगावयास नको. नोंद संगणकात असली, तरी ती सही-शिक्क्यासह कागदावर उतरल्याखेरीज अनेक कामे पुरी होत नाहीत. म्हणूनच ‘प्रिंटर चालत नाही, उद्या या’ हे उत्तर कोणत्याही कार्यालयात ऐकावे लागले, तर त्याची किंमत ग्रामस्थाच्या एका दिवसाच्या मजुरीत मोजली जाते.

हे उत्तर देण्याची पाळी पुष्कळदा यंत्र बिघडल्यामुळे येत नाही. यंत्राचा पत्ता नीट न ठरविल्यामुळे येते. हा पत्ता म्हणजे काय व तो कसा ठरवावा, याची माहिती येथे दिली आहे.

एका टेबलाचा की सर्वांचा?

लहान कार्यालयात प्रिंटर बहुधा एका संगणकास वायरने जोडलेला असतो व इतर कर्मचारी त्या संगणकामार्फत छपाई करतात. ही रीत स्वस्त आहे, परंतु तिच्यात एक मोठी उणीव आहे. तो संगणक बंद असला, किंवा तो वापरणारा कर्मचारी रजेवर असला, की सर्वांचीच छपाई थांबते. याउलट, ज्या प्रिंटरला स्वतःचे नेटवर्क कार्ड असते, तो कोणत्याही एका टेबलाचा आश्रित राहत नाही. तो स्विच नावाच्या जोडपेटीस केबलने थेट जोडला जातो आणि प्रत्येक संगणक त्याच्याकडे परस्पर मजकूर धाडू शकतो.

या जोडणीची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ व त्यांचे सहकारी डेव्हिड बॉग्ज यांनी तिचा पाया घातला. त्याच केंद्रात लेसर प्रिंटरचेही काम चालू होते. अनेक संगणकांनी एकच प्रिंटर वापरावा, ही गरज या पद्धतीच्या जन्मापासूनच तिच्याशी निगडित आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये ज्या गोव्यात सुरू झाला, तेथील कार्यालयांस छपाईचे हे नवे तंत्र परके वाटण्याचे कारण नाही.

नाव एक, घरक्रमांक दुसरा

प्रत्येक नेटवर्क कार्डाला दोन ओळखी असतात. पहिली ओळख कारखान्यातच दिलेली असते. तिला मॅक पत्ता म्हणतात. ० ते ९ हे अंक आणि इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरे यांतून घेतलेली ती बारा चिन्हे असतात. जन्मनोंदीतील नावाप्रमाणे ती यंत्रासोबत कायम राहते. दुसरी ओळख म्हणजे आयपी पत्ता. हा घरक्रमांकासारखा असून यंत्र ज्या जाळ्यात असेल त्याप्रमाणे ठरतो. त्यात ० ते २५५ मधील चार संख्या असतात, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५०.

यासोबत आणखी दोन गोष्टी भराव्या लागतात. ‘सबनेट मास्क’ या रकान्यातील २५५.२५५.२५५.० या आकड्यांचा अर्थ असा की, पत्त्यातील पहिल्या तीन संख्या वाड्याच्या व शेवटची संख्या घराची. एकाच वाड्यातील यंत्रे परस्परांशी सरळ बोलतात. ‘गेटवे’ ही त्या वाड्याची वेस होय. बाहेरच्या जाळ्याकडे जाणारा मजकूर तिच्यातून जातो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठी राखलेले आहेत. त्यामुळे अनेक कार्यालयांत तेच आकडे दिसले, तरी त्यांचा परस्परांशी घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो कार्यालयाच्या आत. बहुतेक जाळ्यांत हे पत्ते आपोआप वाटले जातात. या वाटपास डीएचसीपी असे नाव आहे. मात्र असा पत्ता ठरावीक मुदतीपुरता असतो. पावसाळ्यात वीज गेली व परत आली, की प्रिंटरला निराळाच पत्ता मिळणे शक्य असते. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर मजकूर धाडीत राहतात आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ हा शब्द उमटतो. कुटुंब दुसऱ्या घरी गेले व टपाल जुन्या घरी येत राहिले, असाच हा प्रकार आहे. सबब, सामाईक प्रिंटरला कायमचा पत्ता देणे अगत्याचे आहे.

पत्ता देण्याची रीत

१. केबल कार्डाच्या खाचेत व स्विचमध्ये घट्ट बसवावी. कार्डावरील बारीक दिवा लागला पाहिजे. केबलची लांबी १०० मीटरपेक्षा अधिक नसावी.

२. प्रिंटरच्या यादीतून त्याच्या जोडणीची माहिती देणारे पान छापून घ्यावे. त्यावर मॅक पत्ता व सध्याचा आयपी पत्ता मिळतो.

३. जाळ्याची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडून रिकामा पत्ता मागून घ्यावा. आपोआप वाटप १०० ते १९९ या क्रमांकांत होत असेल, तर प्रिंटरचा क्रमांक त्याबाहेरचा असावा. मॅक पत्त्याच्या आधारे राउटरमध्येच एक क्रमांक राखून ठेवणे, हाही तितकाच चांगला मार्ग आहे. मनाने क्रमांक घालू नये.

४. प्रिंटरच्या यादीत पत्त्याची पद्धत ‘आपोआप’ ऐवजी ‘हाताने’ अशी करून पत्ता, सबनेट मास्क व गेटवे ही माहिती इंग्रजी अंकांत भरावी. नंतर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे.

५. संगणकावरून ‘पिंग’ ही आज्ञा देऊन त्या पत्त्यावरून उत्तर येते का, हे पाहावे.

६. प्रत्येक संगणकावर प्रिंटर जोडताना आयपी पत्त्याने जोडण्याचा पर्याय निवडावा, त्या प्रिंटरचा योग्य ड्रायव्हर घालावा व देवनागरी मजकुराचे एक पान छापून पाहावे. मजकूर युनिकोडमध्ये असल्यास तो प्रत्येक टेबलावर सारखाच उमटतो. जुन्या फाँटमधील मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही.

दोष कोठे आहे?

दुरुस्ती करणाऱ्यास बोलावण्यापूर्वी काही गोष्टी कार्यालयातच तपासता येतात. दिवा लागत नसेल, तर दोष केबलचा किंवा स्विचच्या खाचेचा समजावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कार्डाला वाटपातून पत्ता मिळाला नाही व त्याने तात्पुरता पत्ता स्वतःच धारण केला, असे जाणावे. छपाई कधी होते व कधी होत नाही, असे घडत असल्यास एकच पत्ता दोन यंत्रांना दिला गेला आहे काय, हे पाहावे. पिंगला उत्तर मिळते पण कागद निघत नाही, अशा वेळी संगणकावरील ड्रायव्हर अथवा तेथे नोंदलेला प्रिंटरचा पत्ता तपासावा.

घ्यावयाची दक्षता

प्रिंटरच्या अंतर्गत पानाचा कारखान्यातून आलेला संकेतशब्द त्वरित बदलावा. तो पुष्कळांना ठाऊक असतो. उत्पन्नाचे, जातीचे वा जमिनीचे कागद छापून तसेच ट्रेमध्ये पडून राहू देऊ नयेत. ज्या यंत्रात सांकेतिक क्रमांक दिल्यावरच कागद निघण्याची सोय आहे, तेथे ती वापरावी. लेसर प्रिंटर तापताना एकदम पुष्कळ वीज ओढतो, म्हणून तो संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस विजांचा कडकडाट होतो, तेव्हा कार्यालय बंद करताना विजेची वायर व नेटवर्कची केबल दोन्ही काढून ठेवणे इष्ट. कारण विजेचा आघात केबलमधूनही कार्डापर्यंत पोहोचतो.

शेवटची गोष्ट साधी आहे, पण तिचाच विसर पडतो. प्रिंटरचे नाव, मॅक पत्ता, आयपी पत्ता, तो दिल्याची तारीख व कोणकोणते संगणक त्यास जोडले आहेत, याची नोंद कार्यालयाच्या वहीत ठेवावी आणि पत्त्याची चिठ्ठी यंत्रावर चिकटवावी. सचिव किंवा लिपिक यांची बदली होते, तेव्हा त्यांच्यासोबत ही माहितीही निघून जाता कामा नये. शाळांतील शिक्षकांनीही संगणक कक्षात हीच पद्धत अवलंबिल्यास विद्यार्थ्यांना जाळ्याचा पहिला पाठ प्रत्यक्ष मिळेल. या कामास नवी खरेदी बहुधा लागत नाही. एका दुपारचा वेळ आणि वहीचे एक पान पुरते. त्यानंतर दूरच्या वाड्यावरून दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास, निदान प्रिंटरच्या कारणाने, दुसरी खेप घालावी लागणार नाही.