रिपोर्ट नॉर्मल, मग पोराला झालंय काय?

"ताई, उसने पैसे घेऊन स्कॅन केला आणि रिपोर्ट नॉर्मल! म्हणजे हा सोंग करतोय का?" वस्तीतल्या एका आईने मला विचारलं. मुलगा एकोणीस वर्षांचा. कॉलेज सुटलं, रात्रभर जागा, एकट्याने बोलणं, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात हा पक्का समज. डॉक्टरांनी सांगितलं, स्किझोफ्रेनियाची सुरुवात आहे.

सोंग नाही हो. साध्या स्कॅनमध्ये गाठ, रक्तस्राव, मार दिसतो. या आजारात फरक पडतो तो मेंदूच्या भागांच्या आपसातल्या संपर्कात. वस्तीतली वायरिंग समजा. खांब, मीटर, तारा जागेवर, फोटोत सगळं ठीक. पण बटण एका घरात दाबलं की दिवा दुसऱ्याच घरात लागतो.

आपण स्वस्थ पडलो तरी मेंदू रिकामा बसत नाही. वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. १९९५ साली अमेरिकेत भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हात न हलवताही, हात हलवणारे डावे-उजवे भाग एका लयीत चालतात. माणसाला एमआरआयमध्ये नुसतं पडून राहायला सांगून ही लय मोजता येते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये, अगदी सुरुवातीच्या काळातही, ती बदललेली आढळते. डोळे-कानांकडून आलेली माहिती पुढे पाठवणारं केंद्र म्हणजे थॅलॅमस. त्याचा विचार करणाऱ्या पुढच्या भागाशी संपर्क कमी, तर ऐकण्या-हालचालीच्या भागांशी जास्त, असं अनेक अभ्यासांत दिसलं.

पण हा स्कॅन करायला धावू नका! हे फरक बऱ्याच रुग्णांच्या सरासरीत दिसतात. एकट्या पोराचं निदान त्यावरून होत नाही. निदान होतं ते बोलून, घरच्यांना विचारून. डॉक्टर सीटी सांगतात तो दुसरा आजार नाही ना, हे बघायला.

खरा तोटा होतो तो वेळेचा. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड. आणि वेळ जातो कुठे? भगताकडे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरांतूनही माणसं जातात, मी पाहिलंय. नाहीतर "लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल." म्हणजे आणखी एका पोरीचं आयुष्य पणाला.

पोरगं दोन-तीन आठवडे असं वागत असेल तर सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. टेलि-मानसचा १४४१६ नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. बांधून मात्र ठेवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे.

त्या मुलाला गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले. झोप लागते. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. परवा आईबरोबर रेशनच्या रांगेत उभा होता.