गोळी सुरू झाली अन् पाय थांबेनात. रोग वाढला की औषध बाधलं?

मुंबई : गावाकडचा मानसिक आजाराचा पेशंट उपचारासाठी घाटकोपर, मुलुंड नाहीतर बोरिवलीला भावाकडे येतो. गोळ्या चालू होतात. कानात येणारे आवाज कमी होतात, झोप लागते, घरचे निश्वास सोडतात. अन् आठ-पंधरा दिवसांत भलतंच सुरू होतं. माणूस बूड टेकवत नाही. भरल्या ताटावरून उठतो, उभ्या उभ्या पाय बदलतो, रात्रभर चाळीच्या गॅलरीत येरझाऱ्या घालतो. घरच्यांना वाटतं, रोग उलटला.

पण पुष्कळदा तो रोग नसतो, औषधाचा त्रास असतो. त्याला 'अकॅथिसिया' म्हणतात. मूळ ग्रीक शब्द, अर्थ 'बसता न येणं'. प्रागचे डॉक्टर लादिस्लाव हाश्कोवेक यांनी 1901 मध्ये हे नाव दिलं. 1950 नंतर मानसिक आजारावरची नवी औषधं आली आणि हा त्रास जास्त दिसू लागला.

ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम रोखतात. आवाज, संशय त्यामुळे कमी होतात. पण शरीराची हालचालही डोपामिनवरच चालते. हॅलोपेरिडॉलने हा त्रास जास्त होतो. रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोलनेही होतो. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेसुद्धा होऊ शकतो. गोळी नवीन असताना किंवा डोस वाढवल्यावर विशेष लक्ष ठेवावं.

धोका तीन बाजूंनी आहे. आजार वाढला समजून डोस वाढवला, तर तळमळ आणखी वाढते. पेशंटने वैतागून गोळी फेकली, तर मूळ आजार परततो. आणि आतली ही तगमग काहींना इतकी असह्य होते, की जीव द्यावासा वाटतो. म्हणून 'एका जागी बस की गुमान' असं ओरडण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात ते नसतं.

यावर उपाय आहे. डॉक्टर डोस कमी करतात, औषध बदलतात किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी जोडतात. दमा असेल तर तो आधी सांगावा, कारण दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही.

घरच्यांनी एवढं करावं : गोळी कधी सुरू झाली आणि चुळबूळ कधी, दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात. मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढावा. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. गोळी मनाने बंद करू नये, पण पुढच्या तारखेची वाटही पाहू नये. अंधेरीकडच्यांना कूपर, घाटकोपर-मुलुंडकरांना सायन रुग्णालय जवळ पडतं. जीव देण्याची भाषा निघाली तर माणसाला एकटं न सोडता लगेच दवाखाना गाठावा. 14416 हा सरकारचा टेली-मानस नंबर फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

औषधाचे दुष्परिणाम काय, हे विचारण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला दिला आहे. तेव्हा डॉक्टरसमोर संकोच नको. 'गोळी घेतल्यापासून बसवत नाही' एवढं एक वाक्य सांगितलं, तरी डॉक्टरला दिशा सापडते.