बुरशी आणि उडनशील तेले : उपयोग व मर्यादा

पावसाळ्यात काष्ठौषधींना लागणारी बुरशी प्रत्येक औषधनिर्मात्याच्या परिचयाची आहे. ओवा, लवंग व गवती चहा यांची उडनशील तेले बुरशीनाशक असल्याचे प्रयोगशाळांत वारंवार दिसून आले आहे. या गुणाचा उपयोग कोठे करावा व कोठे करू नये, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

ओव्याच्या तेलात थायमॉल, लवंगेच्या तेलात युजेनॉल व गवती चहाच्या तेलात सिट्राल हे प्रमुख घटक होत. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल हा स्निग्ध पदार्थ असतो. हे घटक स्नेहात विरघळणारे असल्याने पटलात शिरून ते विस्कळीत करतात व पेशीतील द्रव्ये बाहेर झिरपू लागतात. या तेलांची वाफही बुरशीची वाढ रोखते. काश्यपसंहितेतील धूपकल्पाध्याय वाचलेल्या वैद्यास सुगंधी द्रव्यांचा असा उपयोग नवा वाटणार नाही.

तथापि बुरशी मरणे व द्रव्य निर्दोष होणे या भिन्न गोष्टी आहेत. ॲस्परजिलस फ्लेवस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतघातक व कर्करोगजनक विष निर्माण करते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागांत बुरशीयुक्त मका खाल्ल्याने १०० हून अधिक माणसे दगावली. एकदा निर्माण झालेले हे विष बुरशी मेल्यावरही द्रव्यात राहते. नेहमीच्या उकळण्याने वा भाजण्याने ते पूर्णतः नष्ट होत नाही. म्हणून बुरशी लागलेले द्रव्य पुसून, वाळवून वा तेलाची वाफ देऊन पुन्हा वापरात आणू नये. ते टाकूनच द्यावे. तेलांचा उपयोग निर्दोष, कोरड्या मालाच्या रक्षणापुरता, आणि तोही दुय्यम समजावा. द्रव्य पूर्ण वाळविणे, जमिनीपासून उंचावर ठेवणे व खोलीत हवा खेळती राखणे हेच मुख्य रक्षण होय. उग्र गंध मूळ द्रव्यात उतरतो, हेही ध्यानी असावे.

चिकित्सेत तर अधिकच सावधपणा हवा. काचेच्या बशीत बुरशी रोखणारी मात्रा शरीरातील खोल धातूंत निरपायपणे पोहोचेलच असे नाही. निर्भेळ तेल त्वचेवर व श्लेष्मल कलेवर दाह उत्पन्न करते. २०२१ साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसचे असंख्य रुग्ण महाराष्ट्राने पाहिले. त्या व्याधीत अँफोटेरिसिन-बी व तातडीची शस्त्रक्रिया यांवर प्राण अवलंबून असतात. अनियंत्रित मधुमेह असलेल्या रुग्णात चेहऱ्यावर सूज, नाकातून काळसर स्राव वा दृष्टिदोष दिसताच नस्य वा वाफाऱ्यात वेळ न दवडता त्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे, असे आमचे वैद्यबंधूंना आग्रहाचे सांगणे आहे.