नैराश्यावर गटात बसून उपचार : आपल्या गावातही होऊ शकतो

घरातला माणूस गप्प झाला, झोप उडाली, कामात मन लागेना, तर “टेन्शन घेऊन राहिला” म्हणून आपण सोडून देतो. असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्यावर गोळ्या आहेत, तसा बोलण्याचा उपचारही आहे.

अडचण अंतराची आहे. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक शहरात आणि रुग्ण खेड्यात. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने यावर वाट काढली. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि प्रशिक्षित समुपदेशक लोकांपर्यंत गेले. गरजेप्रमाणे रुग्ण तज्ज्ञांकडे पाठवले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला.

तिथले समुपदेशन मुख्यतः एकेकट्याशी होते. तेच काम गटातही करता येते, हे युगांडातील खेड्यांनी २००२ मध्ये दाखवले. पाच ते आठ स्त्रिया किंवा तितकेच पुरुष, आठवड्यातून एकदा दीड तास, असे १६ आठवडे बसत. गट चालवणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक होते. सत्रे पूर्ण करणाऱ्यांपैकी ६.५ टक्के लोकांतच नैराश्य उरले; सत्रे न मिळालेल्या गावांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीची मार्गदर्शिका काढली.

गटात नेमके काय होते? प्रत्येक जण आपले दुःख कशाशी जोडले आहे ते शोधतो : जवळच्याचा मृत्यू, घरातला वाद, आयुष्यातला मोठा बदल की एकटेपणा. मग या आठवड्यात काय करून पाहायचे ते ठरते, पुढच्या बैठकीत त्यावर बोलणे होते. कर्जाने खचलेल्याला दुसरा कर्जदार भेटतो, तेव्हा लाज कमी होते. हे प्रवचन नाही, सल्ल्यांचा भडिमारही नाही. गटातले बोलणे बाहेर जाऊ नये, हा पहिला नियम.

आपल्या विहारांत जागा आहे, रविवारी माणसे जमतातही. प्रशिक्षित माणूस मात्र हवाच. नुसत्या सदिच्छेने उपचार होत नाही. विहार समित्यांनी त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाकडे मागणी करावी.

मरणाचे विचार येत असतील, तर गटाची वाट पाहू नका. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा, रुग्णाला एकटे सोडू नका आणि रुग्णालय गाठा.