गाडी नेमकी केव्हा थरथरते?

जुन्या मोटारीची दुखणी दोन जातींची असतात. एक कायमचे दुखणे. ते बिचारे प्रामाणिक असते. घरी जसे, तसेच मिस्त्रीपुढेही प्रकट होते. दुसरे अधूनमधून उपटणारे. घरापासून चौकापर्यंत गाडी अंगात आल्यासारखी हलते, आणि मिस्त्रीने बोनेट उघडून कान लावला की इंजिन शिवणयंत्रासारखे गुणगुणू लागते. मग मिस्त्री मालकाकडे अशा काही नजरेने पाहतो, की तपासणी गाडीची व्हावी की मालकाची, असा प्रश्न पडावा!

आमच्या थोरल्या बंधूंची पुण्यातली प्रीमियर पद्मिनी गेल्या पावसाळ्यानंतर या दुसऱ्या दुखण्याने पछाडली. गाडी १९८२ सालची, वडिलांनी हौसेने घेतलेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या निघणे बंद होऊन दोन तपे झाली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीदेखील ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा असे वाहन बाळगणे हा व्यवहार नव्हे, हे दादांनाही ठाऊक आहे. पण एका गॅरेजात त्यांना सांगण्यात आले, की क्रँकचे बेअरिंग गेले, इंजिन उतरवावे लागेल. खर्चाचा आकडा दादांच्या तीन महिन्यांच्या पेन्शनएवढा. दादा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी भंगारवाला येऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून गेला.

वास्तविक गाडी केवळ ‘व्हायब्रेट होते’ एवढ्यावरून कोणाला काही सांगता यायचे नाही. आमची मराठी या बाबतीत केवढी श्रीमंत आहे पाहा! थरथर निराळी, गचका निराळा, धडधड निराळी आणि खडखड तर अगदीच निराळी. हे शब्द म्हणजे नुसता अलंकार नव्हे. त्यातला प्रत्येक शब्द इंजिनाच्या वेगळ्या भागाकडे बोट दाखवतो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरात एकदा स्फोट होतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर स्फोट होतात १६००. एकेकाच्या वाट्याला ४००. चौघांपैकी एकाने अंग काढून घेतले, की तालात मिनिटाला ४०० खळगे पडतात आणि गाडी लंगडू लागते. याला मिस्त्री लोक ‘मिसिंग’ म्हणतात. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढून पाहायची. वायर काढताच आवाज पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर कामचुकार तोच. (हा प्रयोग वाचकांनी उघड्या हाताने करू नये. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.) गाडी गार असताना शहाण्यासारखी वागते आणि तापल्यावर गचके देते, असे असेल तर डेल्कोमधला कंडेन्सर किंवा इग्निशन कॉइल यांच्यावर संशय घ्यावा. हे दोघे तापले की दगा देतात आणि निवले की पुन्हा सज्जन होतात.

थरथर ठरावीक वेगालाच येत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर त्या वेगाला क्लच दाबून पाहावा. तरीही ती राहिली, तर इंजिन निर्दोष. चाकांचे बॅलन्सिंग किंवा मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस तपासावा. पुष्कळांची इंजिने या एका परीक्षेअभावी विनाकारण खोलली जातात.

दादांच्या गाडीने यापैकी एकही परीक्षा नापास केली नाही. प्लग चारही बदामी रंगाचे, म्हणजे जळण उत्तम. क्लच दाबला की थरथर गायब, म्हणजे चाके सुटली. संशय फिरून इंजिनावरच आला आणि भंगारवाल्याचा फोनही आला.

इथे वहिनी पुढे झाल्या. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर त्यांनी दीड महिन्याची टिपणे ठेवली होती. भाजी आणायला दोघेच गेलो: काही नाही. मुलीला, जावयांना आणि नातवंडांना स्टेशनवर सोडायला निघालो: गाडी हलताना पायाखाली धडधड. येताना रिकामी: काही नाही. खंबाटकीचा घाट चढताना: धडधड, आरशातले दिसेना. उतरताना: काही नाही. गरम-गारचा संबंध नाही.

दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रींनी ती वही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. “वहिनीसाहेब, हे बेअरिंग नाही. गाडीला ओझं पडलं की हे होतंय,” ते म्हणाले. त्यांनी दादांना गाडीत बसवले, ब्रेक गच्च दाबून गियर टाकायला सांगितला आणि क्लच अगदी हळूहळू सोडायला लावला. स्वतः बाजूला उभे राहून बोनेटखाली बॅटरीचा झोत टाकला. इंजिनावर जोर आला मात्र, त्याची डावी बाजू चक्क वर उचलली गेली! क्लच दाबताच पुन्हा जागेवर.

फाउंडेशनचे रबर गेले होते. इंजिन सांगाड्यावर थेट बसवत नाहीत. मध्ये लोखंडी पट्ट्यांना चिकटवलेले रबराचे ठोकळे असतात. चार सिलिंडरांचे इंजिन निरोगी असले तरी थोडे थरथरतेच, आणि ती थरथर हे रबर पोटात घेते. १९३१ साली अमेरिकेत क्रायसलर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत रबरावर तोललेल्या इंजिनाची केवढी जाहिरात केली होती! दादांच्या गाडीतले डावे रबर पट्टीपासून सुटले होते. उभ्या गाडीत इंजिनाच्या वजनाने ती फट मिटे, म्हणून गॅरेजात गाडी ठणठणीत. चढावर किंवा भरल्या गाडीत इंजिन एका अंगाला कलंडू पाही, फट उघडे आणि लोखंड लोखंडावर आपटे.

दोन्ही बाजूंची रबरे बदलली. खर्च दिवाळीच्या किराणा सामानाहूनही कमी आला. मिस्त्री मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. सुटलेले रबर त्यांनी बोटांनी दाबले; ते भिजलेल्या खारकेसारखे मऊ झाले होते. वर टॅपेट कव्हरचे पॅकिंग झिरपत होते आणि त्यातले ऑइल थेंबाथेंबाने नेमके या रबरावर पडत होते. ते पॅकिंगही त्यांनी बदलले, नाही तर नवे रबर दोन वर्षांत पुन्हा गेले असते. वही त्यांनी वहिनींना परत दिली आणि दर पंधरा दिवसांनी बोनेट उघडून तिथे ऑइल दिसते का ते लिहून ठेवा, असे सांगितले.