पहिले मॉडेल फसणारच. पुढचे कसे सुधारेल?

पिपरी मेघे (वर्धा) : आर्वी मार्गावरील पिपरीत २०१७ पासून बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अभियांत्रिकीच्या कोणत्याही शाखेत अंतिम वर्षाला प्रकल्प करावाच लागतो. पण सादरीकरणाला चाललेले यंत्र शेतात का चालत नाही?

अडते कुठे?
मॉडेल बनवणाराच ते तपासतो. कुठे जपून हात लावायचा, हे त्याला ठाऊक असते, शेतकऱ्याला नसते.

चरख्याचा धडा
१९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी स्पष्ट होत्या : किंमत १५० रुपयांच्या आत, आठ तासांत १६ हजार फूट सूत आणि स्त्रीला फार श्रम न होता चालवता यावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. तरी प्रयत्न थांबले नाहीत. पुढे तमिळनाडूतील एकांबरनाथन यांचा अंबर चरखा आला. वर्ध्यातील मगन संग्रहालयात चरख्याचे अनेक प्रकार पाहता येतात.

फेरी कशी घ्यावी?
- किंमत, वजन, वेग आधी आकड्यांत लिहा.
- पहिले मॉडेल पुठ्ठ्याचे किंवा भंगारातले चालेल.
- वापरणाऱ्याच्या हाती द्या. मध्ये सूचना देऊ नका.
- एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.
- तारीख, बदल आणि मोजमाप वहीत नोंदवा.

पहिले मॉडेल सत्राच्या सुरुवातीलाच उभे राहिले, तरच पुढच्या फेऱ्यांना वेळ उरतो.