फोटो दिसतो, पण पोचला का?

मोठेबाबा गेले तेव्हा तेरवीसाठी त्यांचा फोटो मोठा करून फ्रेम करायचा होता. घरच्या ग्रुपवरचा एक फोटो सगळ्यांच्या आवडीचा होता. नवरात्रात केळापूरच्या जगदंबेच्या देवळासमोर ते उभे आहेत, खांद्यावर दुपट्टा आहे आणि चेहऱ्यावर क्वचित दिसणारं हसू आहे. तो घेऊन मी पांढरकवड्यातल्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्यानं तो संगणकावर उघडला, मोठा केला आणि मान हलवली. ‘‘भाऊ, हा फुटते. ओरिजनल आणा ना.’’

‘‘हाच ओरिजनल आहे,’’ मी म्हणालो, कारण तेव्हा मला खरोखर तसंच वाटत होतं.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. शेजारपाजारच्या कितीतरी घरांतले फोटो मोबाइलमधून संगणकात घेऊन दिले. प्रत्येक घरात थोड्याफार फरकानं तेच गैरसमज भेटतात, आणि त्यापायी माणसांचे फोटो कायमचे जातात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

‘व्हॉट्सॲपवर टाकला, म्हणजे संगणकात आला’

हा सगळ्यांत मोठा गैरसमज. व्हॉट्सॲप फोटो जसाच्या तसा पाठवत नाही. नेटवर्क कमी असलं तरी तो पटकन जावा म्हणून आधी त्याला लहान करतं. साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, उरते. तुमच्या फोनचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल, तर मूळ फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. मुळातले सव्वा कोटींहून थोडे कमी ठिपके असे वीस लाखांच्या आसपास येतात. तीन-चार एमबीची फाइल दोनशे-तीनशे केबीची होते.

मोबाइलच्या पडद्यावर हा फरक कळत नाही, आणि घोळ तिथेच आहे. फ्रेम बारा बाय अठरा इंचांची असेल, तर १६०० ठिपके अठरा इंचांवर पसरतात. म्हणजे एका इंचात जेमतेम ८९. चांगल्या छपाईला इंचाला ३०० लागतात. भिंतीवरचा फोटो लांबून पाहायचा असतो, त्यामुळे १५०-२०० वरही भागतं, पण ८९ वर भागत नाही. मूळ फोटोतून त्याच फ्रेमला इंचामागे २२० च्या वर ठिपके मिळाले असते. स्टुडिओवाला ‘फुटते’ म्हणाला, त्यामागे हे गणित होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनं एचडीची सोय आणली. तिच्यात ठिपके जास्त राहतात, तरी फाइल दाबली जातेच. जसाच्या तसा पाठवायचा असेल, तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावा. तशी दोन जीबीपर्यंतची फाइल कसलाही बदल न होता जाते.

ठिपक्यांसोबत आणखी एक गोष्ट गळते, आणि तिची आठवण फार थोड्यांना असते. फोटोच्या फाइलच्या पोटात एक लहानशी नोंद असते: कधी काढला, कोणत्या फोनवर काढला, आणि लोकेशन चालू असेल तर कुठे काढला. या नोंदीला एक्झिफ म्हणतात. ही पद्धत जपानच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेनं १९९५ मध्ये ठरवली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ही नोंद निघून जाते. आमच्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या शेतात वाघानं गाय मारली, किंवा नाल्याचं पाणी वेचणीला आलेल्या कपाशीत शिरलं, की माणूस आधी मोबाइल काढतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि पिकाचा फोटो आपणच काढायची सवय शेतकऱ्याच्या हाताला लागली. पंचनामा पंचनाम्याच्या जागी आहे. पण तारीख आणि जागा पोटात असलेला मूळ फोटो आपल्याजवळ असला, तर बोलायला आधार राहतो. ग्रुपवरून फिरून आलेल्या फोटोत तो आधार उरत नाही.

एखादा फोटो मूळचा आहे की व्हॉट्सॲपवरून आलेला, हे ओळखायची सोपी खूण आहे. अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलच्या नावात तारखेनंतर ‘डब्ल्यूए’ ही इंग्रजी अक्षरं आणि चार आकडे असतात. कॅमेऱ्यानं काढलेले फोटो ‘डीसीआयएम’ नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘कॅमेरा’ या खणात असतात. डीसीआयएम म्हणजे डिजिटल कॅमेरा इमेजेस. संगणकात घ्यायचं ते हे फोल्डर.

‘केबल लावली, पण काही दिसतच नाही; संगणक बिघडला’

संगणक बहुतेक वेळा धडधाकट असतो. पहिली शंका केबलवर घ्यावी. स्वस्तातल्या पुष्कळ केबलींत फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या तारा घातलेल्याच नसतात. फोन चार्ज होताना दिसतो, म्हणून केबल चांगली आहे असं आपण धरून चालतो. फोनच्या डब्यातून आलेली केबल शोधून लावून पाहा.

केबल बरोबर असूनही फोल्डर रिकामं दिसत असेल, तर कुलूप फोननं लावलेलं असतं, आणि ते आपल्याच भल्यासाठी. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, केबल जोडली की फोन फक्त चार्जिंग घेतो. आधी फोनचं लॉक उघडायचं, वरून पट्टी खाली ओढायची, यूएसबीच्या सूचनेवर बोट ठेवायचं आणि ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं. तेवढं केलं की संगणकात फोनचं नाव उमटतं. आयफोनवर ‘या संगणकावर विश्वास ठेवायचा का’ अशी विचारणा येते, तिला होकार दिल्याशिवाय आत जाता येत नाही. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही. नेट नाही म्हणून फोटो काढून ठेवायचे राहिले, असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांना कुणीतरी हे आधीच सांगायला हवं होतं.

‘कट मारला की जागाही मोकळी, कामही झालं’

इथे मला कळकळीनं थांबवावंसं वाटतं. फोनमधून फोटो कट करून संगणकात पेस्ट करू नका.

पेन ड्राइव्ह लावला की संगणकाच्या हाती जिनिंगच्या अख्ख्या गोदामाची किल्ली येते. मोबाइलचं तसं नाही. २०११ नंतरचे अँड्रॉइड फोन ‘एमटीपी’ नावाच्या पद्धतीनं बोलतात. गोदामाची किल्ली फोनजवळच राहते. संगणक खिडकीशी उभा राहून एकेक नग मागतो, आणि फोन तो आतून आणून देतो. मधेच केबल हलली, लाइन गेली, फोनची बॅटरी संपली, की देवाणघेवाण अर्ध्यावर तुटते. कॉपी करत असाल, तर मूळ फोटो फोनमध्ये सुखरूप असतात आणि पुन्हा सुरुवात करता येते. कट केलं असेल, तर काय कुठे राहिलं ते शोधत बसावं लागतं. शिवाय संगणकावरून फोनमधला फोटो डिलीट केला, तर तो रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जातो.

म्हणून आधी कॉपी करायची. मग दोन्हीकडे किती फोटो आहेत ते मोजायचं, आणि संगणकातले दहा-वीस फोटो उघडून पाहायचे, नुसती लहान चित्रं पाहून समाधान मानायचं नाही. एखादा फोटो अर्धा करडा आला असेल, तर तो उघडल्यावरच कळतं. डिलीट करायचा विचार त्यानंतर, आणि तोही फोटोंची दुसरी प्रत एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर पडल्यावर. कारण फोनमधले पुसले की संगणकातली प्रत एकटी उरते, आणि हार्ड डिस्क कधी बसेल ते कुणी सांगू शकत नाही. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत नागपूरला शिकणाऱ्या मुलाकडे ठेवलेली डिस्कही असू शकते.

‘कॉपीची कॉपी करत गेलं की फोटो फिका पडतो,’ असंही ऐकू येतं. ते झेरॉक्सचं खरं आहे. फाइल शंभरदा कॉपी केली तरी शंभरावी प्रत पहिलीसारखीच असते. दर्जा घटतो तो फोटो उघडून, काटछाट करून पुन्हा सेव्ह करताना, किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना. संगणकात आल्यावर फाइलसमोर आजची तारीख दिसते, तिनंही घाबरू नये. ती प्रत तयार झाल्याची तारीख आहे. फोटो काढल्याची तारीख आत तशीच असते, प्रॉपर्टीज उघडल्या की दिसते.

‘गूगल फोटोजमध्ये आहेतच की’

असतीलही, पण ते तिथे कसे आहेत हे कळून घ्यायला हवं. अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला संपली. आता १५ जीबी मिळते आणि तिच्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांची वाटणी असते. ती भरली की नवे फोटो वर जाणं थांबतं. सूचना येते, आपण ती बाजूला सारतो, आणि पुढचं वर्षभर सगळे फोटो फोनमध्येच साचत राहतात.

याहून घातक म्हणजे, ‘गूगलवर आहे, मग फोनमधला पुसू’ म्हणून त्याच ॲपमध्ये जाऊन डिलीट करणं. तिथे पुसलेला फोटो फोनमधूनही जातो आणि वरूनही जातो. वर गेलेले फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतात, नंतर संपले. फोनमधली जागाच मोकळी करायची असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे. तो वर पोचलेल्याच फोटोंची फोनमधली प्रत काढतो. हे दोन पर्याय मला दोन गावांइतके लांब वाटतात, पण बोट चुकायला क्षण लागत नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. चार-दोन फोटोंना ते ठीक आहे. पाचशे फोटो, म्हणजे साधारण दोन जीबी, ब्लूटूथनं पाठवायला दोन तासांच्या वर लागतात. केबलनं तेच काम काही मिनिटांचं. केबल नकोच असेल, तर गूगलचं क्विक शेअर विंडोज संगणकावरही चालतं आणि फोटो मूळ रूपातच जातात. शेअरइट आणि झेंडर मात्र विसरा. २९ जून २०२० ला केंद्र सरकारनं ज्या ५९ ॲपवर बंदी घातली, त्यांत हे दोन्ही होते. त्या नावांच्या फाइली अजून हातोहात फिरतात, आणि त्यांच्या आत काय दडलेलं आहे ते कुणी तपासलेलं नसतं.

दुकानातल्या संगणकावर

घरी संगणक असतोच असं नाही. आपल्याकडे पुष्कळांचा संगणकाशी संबंध झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रावर येतो. तिथे केबल लावून फाइल ट्रान्सफर सुरू केलं, की एका आधार कार्डाच्या फोटोसाठी आपण आख्ख्या घराचे फोटो उघडे करतो. हवा तेवढा एकच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, काम झालं की त्यांच्या संगणकातून आपल्यासमोर पुसायला सांगावं, रिसायकल बिनमधूनही. यात संकोच करू नये. आपली कागदपत्रं आहेत ती. तिथल्या संगणकावर व्हॉट्सॲप उघडलं असेल, तर निघण्याआधी आपल्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन तो संगणक काढून टाकावा. २०२१ पासून आपला फोन जवळ नसला, बंद असला, तरी त्या संगणकावर आपले निरोप दिसत राहू शकतात.

मोठेबाबांच्या फोटोचं सांगायचं राहिलं. तो त्यांच्याच फोनवर काढला होता, आणि तो फोन कपाटात पडून होता. पडदा दिसत होता, पण बोटाला दाद देत नव्हता. लॉक उघडल्याशिवाय केबल काही देणार नाही, हे तोवर मला कळलं होतं. ओटीजीची एक लहान पिन आणली आणि तिला संगणकाचा माउस जोडला. फोनच्या पडद्यावर बाण उमटला. पण पॅटर्न कुणालाच ठाऊक नव्हता. मोठीआईनं नुसती मान हलवली. तेवढ्यात त्यांची नऊ वर्षांची नात पुढे आली, माउस हातात घेतला आणि ठिपक्यांवरून एक वाकडी रेघ ओढली. आजोबांच्या फोनवर ती रोज खेळायची.

लोकेशन आणि तारखेसकट तो फोटो डीसीआयएममध्ये होता, तीन पूर्णांक आठ एमबीचा. त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे आणखी दोन होते. ते ग्रुपवर कधी आलेच नव्हते.